आंतरतारकीय वायूचा अतिनील नकाशा: रॉकेटवरच्या दुर्बिणीचा प्रयोग मुंबईत कसा उभारावा

रॉकेटवर दुर्बीण बसवायची असं म्हटलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो: आरसा केवढा? प्रश्न स्वाभाविक आहे, पण या कामात तो पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येतो. आपण तारा पाहणार नाही, ताऱ्यांच्या मधला वायू पाहणार आहोत, आणि तो आकाशभर पसरलेला आहे. पसरलेल्या उजेडासाठी मोठ्या आरशापेक्षा रुंद नजर जास्त कामाची. हे एकदा डोक्यात बसलं की प्रयोग एकदम आवाक्यात येतो: हातभर लांबीची नळी, साधारण अकरा सेंटीमीटरचा आरसा, एक ग्रेटिंग (उजेड तरंगलांबीनुसार पसरवणारा बारीक रेघांचा आरसा), एक डिटेक्टर.

हा लेख एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि त्यांच्यामागे उभा राहणारा एखादा प्राध्यापक डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. खर्चाचे आकडे देत नाही, ते दर सहा महिन्यांनी बदलतात. क्रम मात्र सांगतो, कारण क्रम चुकला की वर्ष वाया जातं.

वर जायचं कशासाठी

जमिनीवरून अतिनील आकाश दिसत नाही. ३००० अँगस्ट्रॉमच्या (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) खालचा उजेड ओझोन गिळतो आणि १३०० ते १७५० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात साधा ऑक्सिजनच भिंत होऊन उभा राहतो. १०० किलोमीटरवर अंतराळ सुरू होतं असं पाठ्यपुस्तकात असतं, पण आपल्या कामाला ते पुरत नाही. त्या उंचीवर डोक्यावर उरलेला ऑक्सिजनही १५०० अँगस्ट्रॉमचा उजेड जवळजवळ पूर्ण अडवतो. १२० किलोमीटरच्या आसपास दार किलकिलं होतं, १३०च्या पुढे बऱ्यापैकी उघडतं. म्हणून घड्याळ १२०पासून लावायचं.

वाट नवी नाही. जॉर्ज करुथर्स यांनी १९७० साली रॉकेटवरच्या अतिनील वर्णपटलेखकाने ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजनचे रेणू पहिल्यांदा पकडले, तेही काही मिनिटांच्या उड्डाणात. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने ‘इन्फ्यूज’ हे उपकरण ब्लॅक ब्रँट रॉकेटवरून सोडून हंस तारकासमूहातल्या सिग्नस लूप या जुन्या स्फोटाच्या अवशेषाकडे रोखलं. आपल्याकडे ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण २०१५ पासून वर आहे आणि तिच्या उभारणीत मुंबईच्या टीआयएफआरचाही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हात आहे. पण यूव्हीआयटीची नजर जेमतेम अर्ध्या अंशाची. ती ताऱ्यांसाठी आणि दीर्घिकांसाठी घडवलेली दुर्बीण आहे. वीस-तीस अंश पसरलेल्या वायूच्या बुडबुड्यावरून नजर फिरवणं हे तिचं काम नव्हे. रॉकेटला जागा आहे ती इथे.

काय शोधायचं ते एका वाक्यात लिहा

पहिली पायरी कागदावरची. “आंतरतारकीय वायूचा नकाशा” हे उद्दिष्ट नाही, ते निव्वळ शीर्षक झालं. उद्दिष्ट असं लिहावं: “मृगाच्या पश्चिमेला पसरलेल्या ओरायन-एरिडॅनस महाबुडबुड्याच्या काठावर उष्ण वायू आणि थंड रेणू एकाच जागी दिसतात की वेगवेगळ्या?” महाबुडबुडा म्हणजे वायूचा अवाढव्य पोकळ फुगा. असं वाक्य लिहिलं की तरंगलांबी, नजर आणि रात्र आपोआप ठरत जातात.

माझी शिफारस १४५० ते १६२० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्याची. एवढ्याशा जागेत तीन वेगळे वायू बोलतात. १५४८ आणि १५५१ अँगस्ट्रॉमची जोडी तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची, म्हणजे लाखभर अंश तापमानाच्या वायूची खूण. १५३३ला आयनीभूत (एक इलेक्ट्रॉन गमावलेला) सिलिकॉन, तो त्याहून निवलेल्या भागातला. आणि १५७८ व १६०८च्या आसपास हायड्रोजनचे रेणू ताऱ्यांच्या अतिनील उजेडाने उद्दीपित होऊन स्वतः चमकतात. तापलेला, कोमट आणि थंड असे तिन्ही वायू एकाच चौकटीत, एकाच डिटेक्टरवर. याहून लहान तरंगलांबीकडे जायचा मोह होतो, कारण १०३२ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजनची रेषा आणखी तापलेल्या वायूची आहे. पण तिथे आरशाचे लेप वेगळे, खिडक्या नाहीत, डिटेक्टर उघडा ठेवावा लागतो. पहिल्या प्रयोगात तो हट्ट नको.

आपला पट्टा निवडण्याचं दुसरं कारण पृथ्वी स्वतः आहे. पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनच्या आवरणातून १२१६ अँगस्ट्रॉमला लायमन-आल्फा या हायड्रोजनच्या रेषेचा उजेड रात्रीही काही किलोरेले (रेले हे आकाशाच्या चमकीचं एकक) इतका येतो. ३ किलोरेले धरले तर चौरस सेंटीमीटरमागे, प्रति सेकंद, प्रति स्टेरेडियन (आकाशाचा तुकडा मोजायचं घनकोनाचं एकक) सुमारे २४ कोटी फोटॉन. आपला कार्बनचा उजेड त्याच एककात ५०००च्या घरात. म्हणजे शेजारी जवळपास ५० हजार पट भडक. त्याच्यापुढे १३०४ आणि १३५६ला वातावरणातल्या ऑक्सिजनच्या रेषा, आणि भारतावरून चुंबकीय विषुववृत्त जात असल्याने सूर्यास्तानंतर १३५६ची रेषा आपल्या आकाशात चांगलीच जोरात असते.

यावरचा उपाय म्हणजे नीलमणी. दागिन्यातला नव्हे, कृत्रिम पारदर्शक सफायर. १४५० अँगस्ट्रॉमच्या खालचा उजेड तो आत सोडत नाही, म्हणजे लायमन-आल्फा, १३०४ आणि १३५६ तिघांचीही परस्पर रवानगी. यूव्हीआयटीच्या फिल्टर-चक्रातही कॅल्शियम फ्लोराइड आणि बेरियम फ्लोराइडच्या जोडीला सफायर आहेच. वर तो कठीण, ओरखडे न पडणारा आणि दमट हवेला न भिणारा. मुंबईत काम करणाऱ्याने या शेवटच्या गुणाची किंमत जाणावी.

फोटॉनांचा जमाखर्च

आता हिशेब. हा होईपर्यंत कुणीही सॉलिडवर्क्स, म्हणजे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर, उघडू नये.

आरसा ११३ मिलिमीटर व्यासाचा घ्या, क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर. एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा १ चौरस अंश, म्हणजे ०.०००३०५ स्टेरेडियन. वाटेतली गळती अशी: आरसा ८० टक्के परत पाठवतो, ग्रेटिंग ३५ टक्के, सफायर ६० टक्के सोडतो आणि डिटेक्टर आलेल्यांपैकी १२ टक्के मोजतो. चारही गुणले की हातात उरतात २ टक्के. आता ५००० × १०० × ०.०००३०५ × ०.०२ म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मोजण्या. ३०० सेकंदांत सुमारे ९१५.

संपूर्ण प्रयोगाची कमाई ही. नऊशे पंधरा.

त्यात पार्श्वभूमी मिसळलेली असते. धुळीवरून विखुरलेला ताऱ्यांचा उजेड प्रति अँगस्ट्रॉम १००० फोटॉन धरला आणि आपलं पृथक्करण (दोन तरंगलांब्या वेगळ्या ओळखायची क्षमता) १० अँगस्ट्रॉमचं असलं, तर रेषेखाली रेषेच्या दुप्पट उजेड पडलेला असतो, म्हणजे आणखी १८३० मोजण्या. हा नकाशा १६ घरांत वाटला तर प्रत्येक घरात खऱ्या ५७, पार्श्वभूमीच्या ११४. एकूण १७१, त्याचं वर्गमूळ १३. संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ५७ भागिले १३, म्हणजे ४.४. चालण्याजोगं. हाच नकाशा १०० घरांत वाटायला गेलात तर गुणोत्तर २च्याही खाली घसरतं आणि नकाशा म्हणून जे छापाल ते नशिबाचे ठिपके असतील.

आता तो आरशाचा मुद्दा. डिटेक्टर तोच ठेवला, फोकल लांबी आणि व्यास यांचं प्रमाणही तेच ठेवलं आणि आरसा दुप्पट केला, तर गोळा होणारा उजेड चौपट होतो पण नजरेत येणारं आकाश चौथाई होतं. पसरलेल्या उजेडाच्या मोजण्या जिथल्या तिथे! वाढतो तो फक्त तपशील, आणि तपशील भरायला फोटॉन कुठे आहेत? म्हणून पैसे आरशाच्या व्यासात न घालता डिटेक्टरच्या आकारात आणि एफ-३सारख्या (फोकल लांबी व्यासाच्या तिप्पट) उघड्या रचनेत घाला. परीक्षण समितीसमोर हा मुद्दा फळ्यावर मांडून दाखवायची तयारी ठेवा, कारण “एवढासा आरसा?” हे तिथे हमखास ऐकू येतं.

हे आकडे मी हात राखून धरले आहेत. तुमच्या लक्ष्याची चमक वेगळी असेल, तर फक्त पहिला आकडा बदला आणि पुन्हा गुणाकार करा.

रॉकेट कोणतं

इस्रोच्या साउंडिंग रॉकेटांत (कक्षेत न जाता वर जाऊन खाली येणाऱ्या छोट्या रॉकेटांत) आरएच-२०० साधारण १० किलो वजन ८० किलोमीटरवर नेतं, ते आपल्या कामाचं नाही. आरएच-३०० मार्क-२ साधारण ६० किलो १६० किलोमीटरवर नेतं. आरएच-५६० मार्क-२ साधारण १०० किलो ४७० किलोमीटरवर. बारावीच्या भौतिकशास्त्राने हिशेब करा: १२० किलोमीटरच्या वर पहिलं रॉकेट तीन मिनिटं राहतं, दुसरं नऊ मिनिटांहून थोडं जास्त. तीन मिनिटांतली पहिली अर्धी दुर्बिणीचं दार उघडण्यात जातात. म्हणून आरएच-५६०, आणि त्याच्या ५६०-६५ सेकंदांपैकी हिशेबात फक्त ३०० धरायचे. उरलेले फिरकी थांबवणं, दार, व्होल्टेज चढवणं आणि दिशा स्थिर होणं यांना लागतात.

थुंबा आपल्याला जवळचं वाटतं, २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं नाइके-अपाचे तिथूनच उडालं. पण आरएच-५६०चं मार्च २०२१चं उड्डाण श्रीहरिकोट्याहून झालं. तयारी तिकडचीच धरा. बिगरसरकारी गटांसाठी आता दार इन-स्पेस या अंतराळ कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेचं आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र धाडून भागत नाही. उद्दिष्टाचं एक वाक्य, फोटॉनांचा जमाखर्च, वजन-वीज-आकाराचा तक्ता आणि सुरक्षेचं पान एवढं तरी सोबत हवं.

दुसरा पर्याय पोएमचा: पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेत प्रयोगमंच म्हणून वापरतात, जून २०२२च्या सी-५३ उड्डाणापासून त्याला स्वतःचं दिशा-नियंत्रणही आहे. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आपला स्वस्तातला तारा-सेन्सर एप्रिल २०२३मध्ये अशाच मंचावरून तपासला. तिथे मिनिटांऐवजी दिवस मिळतात, हे खरं. पण कक्षेतला विरळ अणुरूप ऑक्सिजन, शेजारच्या उपकरणांची वाफ आणि दिवस-रात्रीची आवर्तनं या नव्या कटकटी येतात. पहिल्यांदा रॉकेट करा असं मी सांगेन. उड्डाण लहान असलं की चूक कुठे झाली ते कळतं.

फिरकीचा प्रश्न

रॉकेट देणाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न: माथ्यावर दिशा-नियंत्रण मिळणार का? आरएच मालिकेतली रॉकेटं स्वतःभोवती गरगरत स्थिर राहतात. तेवढ्या वेगाने फिरत आकाश पाहणं अवघड, म्हणून आधी यो-यो यंत्रणेने फिरकी उतरवतात: दोरीला बांधलेली दोन वजनं बाहेर भिरकावली जातात आणि कोनीय संवेग घेऊन निघून जातात. उरलेली हळू फिरकी गॅसच्या छोट्या झोतांनी हाताळायची.

नियंत्रण मिळालं तर ज्या फटीतून उजेड ग्रेटिंगकडे जातो ती ४ अंश लांब आणि पाव अंश रुंद (म्हणजे १ चौरस अंशाची) फट तिच्या रुंदीच्या दिशेने आकाशावरून हळूहळू ओढायची, रंगारी भिंतीवर रुंद ब्रश ओढतो तशी. ३०० सेकंदांत ४ अंश, म्हणजे सेकंदाला ०.८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). हातात ४ × ४ अंशांचा नकाशा येतो, एक-एक अंशाची १६ घरं.

नाही मिळालं तरी प्रयोग बाद होत नाही. दुर्बीण रॉकेटच्या अक्षाशी ६० अंशांत तिरकी बसवली तर ती आकाशात ३१२ अंशांचं कडं फिरते, ४ अंश रुंदीचं. फोटॉन तेच नऊशे पंधरा. ते १६ घरांत वाटले की प्रत्येक घर सुमारे ४ × २० अंशांचं. नकाशा जाडाभरडा, पण हातचा. यासाठी एक अट मात्र अटळ आहे: प्रत्येक फोटॉनला स्वतःची वेळ हवी. मिलिसेकंदाच्या शिक्क्यासह एकेक मोजणी पाठवली, सोबत तारा-सेन्सर आणि चुंबकमापीची नोंद ठेवली, तर दिशा नंतर घरी बसून लावता येते. चित्रं बनवून पाठवणारी इलेक्ट्रॉनिक्स या कामात घेऊ नका.

प्रकाशाची वाट

रचना साधी ठेवा. ११३ मिलिमीटरचा ऑफ-ॲक्सिस पॅराबोला (फोकस बाजूला पडेल असा परवलयी आरसा), फोकल लांबी ३४० मिलिमीटर. त्याच्या फोकसवर फट: पाव अंश म्हणजे दीड मिलिमीटर रुंद, चार अंश म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर लांब. पुढे मिलिमीटरला ३६०० रेघांचं अंतर्वक्र ग्रेटिंग, ४०० मिलिमीटरवर डिटेक्टर. एवढ्यात डिटेक्टरवर १ मिलिमीटरला ७ अँगस्ट्रॉम पडतात, म्हणजे दीड मिलिमीटरची फट १० अँगस्ट्रॉमचं पृथक्करण देते आणि २५ मिलिमीटरच्या डिटेक्टरवर आपला १४५० ते १६२० चा पट्टा नेमका मावतो. ग्रेटिंग धरून आरसे दोनच, कारण या तरंगलांबीत प्रत्येक परावर्तनाचा दंड वीस टक्के. एफ-३च्या पॅराबोलाला कडेला कोमा (प्रतिमेला फुटणारं शेपूट) असतो, पण तो काही कलांचा, आपली फट १५ कलांची. सोडून द्या.

लेप ॲल्युमिनियमचा आणि त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर. ॲल्युमिनियम हवेला लागताक्षणी ऑक्सिडाइझ होतं आणि अतिनीलात आंधळं होतं, म्हणून दोन्ही थर एकाच निर्वातात, एकामागोमाग चढवून घ्यावे लागतात. लेप करणाऱ्याला “संरक्षक थर” एवढंच सांगितलंत तर तो सवयीने सिलिकॉन ऑक्साइड चढवेल, कॅमेऱ्याच्या आरशाला चढवतो तसा, आणि १५५०ला तुमच्या हाती काही उरणार नाही. ऑर्डरवर तरंगलांबी लिहा.

नळीच्या आत काळं ॲनोडायझिंग पुरेसं आहे असं गृहीत धरू नका. डोळ्याला काळं ते अतिनीलात काळं असतंच असं नाही. भटका उजेड रंगाने मारण्यापेक्षा भूमितीने मारा: आडव्या कडा बसवा, म्हणजे दोन उसळ्या घेतल्याशिवाय काहीच डिटेक्टरपर्यंत पोहोचणार नाही.

यांत्रिक काम मुंबईत उत्तम होतं. साकीनाका, अंधेरी, वसईच्या वर्कशॉपांत पाच-सहा अक्षांच्या मशिनी आहेत. फक्त दोन गोष्टी ड्रॉइंगवर ठळक लिहा. एक, स्क्रूसाठी आरपार भोक जमत नसेल तर स्क्रूच्या पोटातून एक बारीक छिद्र पाडायचं. नाहीतर भोकाच्या तळाशी कोंडलेली हवा निर्वातात तासन्‌तास गळत राहते. दोन, सिलिकॉन स्प्रे वापरायचा नाही. भाग चकचकीत दिसावा म्हणून शेवटी फवारा मारायची पद्धत असते, आणि तो थर ॲसिटोननेही धड निघत नाही. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले स्टेनलेसचे नटबोल्ट चांगले असतात, पण अल्ट्रासॉनिकमध्ये धुतल्याशिवाय आत न्यायचे नाहीत.

डिटेक्टर आणि उच्च व्होल्टेज

डिटेक्टर मायक्रोचॅनल प्लेटचा (एकेका इलेक्ट्रॉनचे लाखो करणारी बारीक नळ्यांची चकती), सीझियम आयोडाइडच्या फोटोकॅथोडसह, म्हणजे फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरासह. हा कॅथोड १९०० अँगस्ट्रॉमच्या पुढे जवळजवळ आंधळा, म्हणजे चंद्र आणि तारे यांचा दृश्य उजेड त्याला खुपत नाही. पण तो मिठासारखा पाणी ओढतो. मुंबईच्या हवेत उघडा पडला की गेला. म्हणून सफायरची खिडकी असलेली सीलबंद नळीच घ्या. ही वस्तू आयात करावी लागते, निर्यात-परवान्याला महिने जातात, तेव्हा ऑर्डर सगळ्यात आधी द्या. खोक्यावर “स्वच्छ खोलीतच उघडावे” हे मोठ्या अक्षरांत हवंच, शिवाय सहारच्या कार्गोत तपासणीला आपला माणूस हजर हवा.

नळी सीलबंद असली तरी तिला जाणाऱ्या हजारो व्होल्टच्या तारा बाहेरच असतात. ठिणगी पडायला सगळ्यात सोपा दाब १ मिलिबारच्या आसपास, आणि रॉकेट ४८ किलोमीटरवर नेमकं तिथूनच जातं. म्हणून १२० किलोमीटरच्या खाली व्होल्टेज नाही, आणि वर गेल्यावरही केवळ टायमरवर भरवसा नाही. पेलोडच्या पोटातली हवा हळूहळू निघते. आतला दाबमापी “हो” म्हणेल तेव्हाच चढवा.

जोडण्यांचं पॉटिंग, म्हणजे त्या रेझिनमध्ये बुजवून टाकणं, हा स्वतंत्र उद्योग आहे. रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर भांडं निर्वात पात्रात ठेवा. मिश्रण फेसाळून वर येतं, दुधासारखं उतू जाऊ लागलं की झडप किंचित सोडायची, बसलं की पुन्हा ओढायचं. फेस येणं थांबल्यावर ते साच्यात बाजूने, बारीक धारेने ओतायचं, वरून नाही, आणि भरलेला साचा पुन्हा एकदा निर्वातात. घट्ट झाल्यावर उजेडासमोर धरा. तारेला चिकटलेला टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा दिसला तरी तो तुकडा बाद. तो बुडबुडा म्हणजे आत कोंडलेली थोडी हवा, दाब कमी होत होत ठिणगीच्या दाबाला कधीतरी येणारच. दर खेपेला एका तुकड्याऐवजी चार तुकडे ओता.

मुंबईची हवा

जुलैत इथली आर्द्रता नव्वदीला टेकते आणि कुलाब्यापासून वसईपर्यंत हवेत मीठ असतं. आरशाची जुळवणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संपेल असं वेळापत्रक आखा. पावसाळा इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि कागदपत्रांना ठेवा, लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या तेव्हाही करता येतात.

लेप चढलेला आरसा आल्या दिवसापासून कोरड्या नायट्रोजनखाली राहील, उड्डाणापर्यंत. सिलिंडरच्या वायूपेक्षा द्रव नायट्रोजनच्या डुअरमधून (थर्मॉससारख्या टाकीतून) उकळून निघणारा वायू अधिक कोरडा आणि तेलविरहित असतो. मार्गात मीटर लावा आणि प्रवाह वहीत दिवसातून दोनदा लिहा. गणपतीच्या सुट्टीत ही वही कोण सांभाळणार ते आधी ठरवा, कारण नळी बंद पडते ती नेमकी तेव्हाच.

पाण्याहून वाईट वैरी म्हणजे तेलकट वाफ. काही नॅनोमीटर हायड्रोकार्बनचा थर अतिनीलात आरसा निकामी करतो, आणि डोळ्याला मात्र तो लख्खच दिसत राहतो. यूव्हीआयटीची दारंदेखील उड्डाणानंतर सुमारे दोन महिने मिटलेली ठेवली होती, उपग्रहाची वाफ निघून जावी म्हणून. आपल्याला दोन महिने नाहीत, म्हणून स्वच्छता जमिनीवरच. रबर, साधं इन्सुलेशन, वेलक्रो बाद. उपकरण रवाना होताना नारळ फोडायला माझी हरकत नाही, उदबत्ती मात्र इमारतीबाहेर. खोलीत आरशाशेजारी त्याच लेपाचे छोटे काचतुकडे ठेवा आणि दर महिन्याला एकाचं १५५०ला परावर्तन मोजा. तुकडा काळवंडला तर आरसाही काळवंडला.

चाचण्या

मॅग्नेशियम फ्लोराइडच्या खिडकीचा ड्यूटेरियम दिवा, निर्वात मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडून देणारं उपकरण) आणि कॅलिब्रेट केलेला फोटोडायोड, एवढ्यावर कार्यक्षमता मोजता येते. आधी सुटे भाग, मग जोडलेलं उपकरण. सुट्यांचा गुणाकार आणि जोडलेल्याचा आकडा यांत तफावत आली तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. रॉकेटचा पेलोड बंगालच्या उपसागरात पडतो, परत मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे उड्डाणानंतर पुन्हा मोजायची सोय नाही.

मग तिन्ही अक्षांत कंपन चाचणी, तापमान-निर्वात चाचणी, आणि कंपनानंतर पुन्हा तीच कार्यक्षमता. फोकस सरकला का हे पाहण्यासाठी कंपनाच्या आधी आणि नंतर एकाच दिव्याच्या रेषा एकाच बैठकीत नोंदवा. श्रीहरिकोट्याचा रस्ता हजार किलोमीटरहून जास्त, तेव्हा खोक्यात धक्कामापी ठेवा आणि नायट्रोजनची छोटी बाटलीही.

माणसांची चाचणीही असते. आयआयटी मुंबईच्या मुलांचा ‘प्रथम’ उपग्रह २००७ मध्ये सुरू होऊन २६ सप्टेंबर २०१६ला उडाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांच्या हातांतून गेला. तुमच्याकडेही तेच होणार. प्रत्येक भागाची वही मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही असो, पण तारखेसह आणि सहीसह असो.

रात्र कशी निवडायची

४७० किलोमीटरवर ऊन जमिनीपेक्षा बराच वेळ टिकतं. तिथे अंधार हवा तर सूर्य क्षितिजाच्या २२ अंश खाली गेला पाहिजे, म्हणजे श्रीहरिकोट्यात सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासाने. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पाऊस, म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध. तेव्हा पहिल्या प्रहरात एरिडॅनस डोक्याजवळ आणि मृग त्याच्या पूर्वेला. अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस मागून घ्या. फटीच्या वाटेत रीगलसारखा निळा तारा येत नाही ना ते नकाशावर पाहा. तो डिटेक्टरला झेपणार नाही, आणि मोजणी मर्यादेपलीकडे गेली की व्होल्टेज आपोआप उतरावं अशी सोय ठेवाच.

लक्ष्याकडे वळण्याआधी दहा सेकंद एखाद्या माहितीच्या, मध्यम चमकीच्या ताऱ्यावरून फट फिरवा. त्याची अतिनील चमक आधीच्या उपग्रहांनी मोजलेली असते, तेव्हा जमिनीवर केलेलं कॅलिब्रेशन आकाशात टिकलं का हे तिथल्या तिथे कळतं. हे दहा सेकंद वाचवायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका.

माहिती हाती आल्यावर

आधी काळोखातली मोजणी वजा करा, चढताना दार उघडण्यापूर्वीची. चांगल्या प्लेटची ती चौरस सेंटीमीटरमागे सेकंदाला १च्या आसपास असते. मग पृथ्वीचा उजेड. त्याची युक्ती सोपी आहे: वातावरणाची चमक उंचीप्रमाणे बदलते, आंतरतारकीय वायूची नाही. चढताना आणि उतरताना उंचीबरोबर जे बदललं ते आपल्या घरचं. मग ओळखता येणारे तारे काढा, आणि शेवटी धुळीचा अखंड उजेड, रेषेच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांवरून सरळ रेघ ओढून.

उरलेली घरं २१ सेंटीमीटरच्या तटस्थ हायड्रोजनच्या आणि दृश्य हायड्रोजन-आल्फाच्या उपलब्ध नकाशांवर ठेवून पाहा. कार्बनची चमक तटस्थ हायड्रोजनच्या भिंतीला आतल्या बाजूने चिकटलेली दिसली, तर उष्ण वायू भिंतीशी भिडून निवतो आहे असं म्हणता येईल. रेणूंची चमक भिंतीतच दिसायला हवी. दोन्ही एकाच घरात सापडली तर घर मोठं आहे की वायू खरोखर मिसळलेला आहे, हे १६ घरांवरून ठरत नाही, तसं स्पष्ट लिहा. टीआयएफआरच्या हैदराबादच्या बलून केंद्रावरून १०० सेंटीमीटरची दुर्बीण आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा टिपते. तिच्या मोजणीतला एखादा भाग तुमच्या पट्टीशी जुळत असेल तर त्या गटाला आधीच भेटा, उड्डाणानंतर नव्हे.

फोटॉनांची कच्ची यादी, वेळ, जागा आणि पल्सची उंची यांच्यासह, जशी उतरली तशी जपून ठेवा आणि एक प्रत कॉलेजबाहेर. एवढ्या मोजण्या एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात.